टाइपस्क्रिप्टमधील एआय टूलची व्याख्या: 'टाइप-सेफ' म्हणजे नेमके कुठपर्यंत सुरक्षित?

टिळकवाडीकर

नमस्कार. बेळगाव, चिकोडी आणि निपाणी परिसरातील कृषी सेवा केंद्रांसाठी आम्ही एक संवादी सहायक तयार करत आहोत. शेतकरी किंवा दुकानदार आपल्या भाषेत प्रश्न विचारतो आणि मॉडेल त्यावरून आमच्या प्रोग्रॅममधले योग्य टूल बोलावते. खताची मात्रा काढणे, दुकानातला साठा पाहणे, उधारीची बाकी सांगणे अशी कामे ही टूल करतात. सगळे काम टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टला टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, जोडणारी भाषा), व्हर्सेलच्या एआय एसडीके या मॉडेल जोडण्याच्या साधनसंचावर चालले आहे. प्रत्येक टूलची इनपुटस्कीमा, म्हणजे इनपुटचा अपेक्षित आराखडा, झॉड या तपासणीच्या लायब्ररीत लिहिली आहे आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या एक्झिक्यूट फंक्शनचे टाइप तिच्यातूनच निघतात.

आमच्याकडे यावरून दोन तट पडले आहेत. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, कंपायलरने (कोड चालण्याआधी टाइप तपासणाऱ्या प्रोग्रॅमने) हिरवा कंदील दाखवला की इनपुटबद्दल पुन्हा शंका घेण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्याचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे: टाइप ही एडिटरमधली सोय आहे, मॉडेल वाटेल ते पाठवू शकते, तेव्हा त्या टाइपांवर इतका वेळ घालवण्यात अर्थ नाही. दोघेही अनुभवी आहेत. आपल्यापैकी ज्यांनी अशी टूल प्रत्यक्ष वापरात आणली आहेत, त्यांनी ही रेषा कुठे आखली? आणि टूलच्या व्याख्या एकाच फ्रेमवर्कच्या पद्धतीने लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे का?

निपाणी_संगणक

टिळकवाडीकर सर, तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही साखळीच्या वेगवेगळ्या कड्यांबद्दल बोलत आहेत.

टाइपस्क्रिप्ट २०१२ मध्ये जाहीर झाली तेव्हापासून तिचे एक तत्त्व कायम आहे: कंपाइल होताना सगळे टाइप पुसले जातात आणि मागे साधी जावास्क्रिप्ट उरते. म्हणजे प्रोग्रॅम चालत असताना 'क्षेत्र हा आकडा आहे' ही माहिती कुठेही शिल्लक नसते. एआय एसडीकेमधले 'टूल' हे फंक्शनदेखील चालताना काहीच करत नाही, दिलेला ऑब्जेक्ट जसाच्या तसा परत करते. त्याचे काम एवढेच की, स्कीमा पाहून एक्झिक्यूटला मिळणाऱ्या इनपुटचा टाइप कंपायलरला अचूक कळावा. प्रत्यक्ष पहारा देते ती झॉडची स्कीमा, कारण ती चालत्या प्रोग्रॅममधला खरा ऑब्जेक्ट आहे.

क्रम असा आहे. झॉडच्या स्कीमापासून जेसन स्कीमा (जेसन या मजकुरी स्वरूपातल्या माहितीचे वर्णन) तयार होते आणि ती मॉडेलकडे जाते. मॉडेल मजकूर पाठवते. तो मजकूर जेसन म्हणून वाचला जातो, झॉडकडून तपासला जातो आणि मगच एक्झिक्यूटच्या हाती पडतो. ही तपासणी झाल्यानंतरच्या कोडसाठी तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचे म्हणणे खरे आहे, आणि तपासणीच्या आधीच्या टप्प्यासाठी दुसऱ्याचे.

जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग (मॉडेलकडून टूल बोलावण्याची सोय) आणले तेव्हाचा काळ आठवून पाहा. जेसन स्कीमा एका फाइलीत हाताने लिहिलेली, इंटरफेस (टाइपची व्याख्या) दुसऱ्या फाइलीत, आणि आलेल्या मजकुरावर 'अॅज' (न तपासता टाइप मान्य करायला लावणारा शब्द) लावून तो इंटरफेस जबरदस्तीने चिकटवलेला. एका ठिकाणी फील्डचे नाव बदलले आणि दुसरीकडे राहिले, तरी कंपायलर गप्प. आज एकाच व्याख्येतून जेसन स्कीमा, टाइप आणि तपासणी या तिन्ही गोष्टी निघतात, आणि टाइप-सेफ टूलचा खरा लाभ मी यातच मानतो.

उद्यमबाग

मी थोडा विरोध नोंदवतो. आमचे काम यंत्रभागांच्या कारखान्यांसाठी असते आणि आम्ही जेसन स्कीमा थेटच लिहितो, कारण मॉडेलला तीच दिसते. झॉडमध्ये लिहिलेले सगळेच मॉडेलपर्यंत पोहोचते असा समज मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि तो खरा नाही. 'रिफाइन' (झॉडमध्ये स्वतःची अट जोडण्याची सोय) वापरून घातलेली अट जेसन स्कीमामध्ये उतरत नाही. ती मुकाट्याने गळून पडते. समाप्तीची तारीख सुरुवातीच्या तारखेनंतरची हवी, अशी अट तुम्ही रिफाइनमध्ये लिहिली, तर मॉडेलला तिचा पत्ताच नसतो. ते चुकीचे इनपुट पाठवते, झॉड ते नाकारते आणि एक फेरी वाया जाते. तारीख, बिगइंट, मॅप, सेट या जावास्क्रिप्टच्या प्रकारांना तर जेसन स्कीमामध्ये समकक्षच नाही, त्यामुळे झॉड ४ मधले रूपांतराचे फंक्शन तिथे सरळ त्रुटी देते.

म्हणून मला टाइपबॉक्स ही दुसरी लायब्ररी अधिक प्रामाणिक वाटते. तिथे तुम्ही जे लिहिता ती स्वतःच जेसन स्कीमा असते आणि टाइप तिच्यातून काढला जातो, मध्ये रूपांतराचा टप्पाच नाही. जे मॉडेलला सांगता येत नाही ते लिहिण्याचा मोहही होत नाही.

निपाणी_संगणक

उद्यमबाग दादा, रिफाइनचा मुद्दा पूर्ण मान्य. त्यावर उपाय म्हणून आम्ही प्रत्येक टूलची तयार झालेली जेसन स्कीमा चाचणीत साठवतो. कोणी झॉडमध्ये बदल केला की मॉडेलला दिसणारे रूप बदलले की नाही, हे पुनरावलोकनात डोळ्यांसमोर येते. शिवाय रिफाइनमध्ये जी अट असेल ती वर्णनातही वाक्यरूपाने लिहायची, असा आमच्याकडे दंडक आहे.

एक भर घालतो. 'डिफॉल्ट' (न दिलेल्या फील्डची ठरलेली किंमत) किंवा 'ट्रान्सफॉर्म' (किमतीचे रूपांतर) आले की एकाच स्कीमाचे दोन टाइप होतात: आत येणारा आणि बाहेर पडणारा. झॉडमध्ये त्यांना 'झेड.इनपुट' आणि 'झेड.आउटपुट' म्हणतात, आणि 'झेड.इन्फर' म्हणजे बाहेर पडणाराच. मॉडेलला दाखवायचा असतो तो आत येणारा टाइप. झॉड ४ च्या रूपांतराला कोणती बाजू हवी ते सांगावे लागते, न सांगितल्यास ते बाहेरची बाजू धरते. डिफॉल्ट असलेले फील्ड मग अनिवार्य म्हणून दिसू लागते.

चिकोडीकर

वरची चर्चा आकाराबद्दल, म्हणजे कोणते फील्ड आहे आणि ते आकडा आहे की मजकूर, याबद्दल झाली. टिळकवाडीकरांच्या टूलमध्ये खरा धोका अर्थाचा आहे, आणि आपल्या भागात तो फार ठळकपणे दिसतो. मी सविस्तर लिहितो.

खताची मात्रा काढणाऱ्या टूलमध्ये 'क्षेत्र' हे फील्ड असणार आणि त्याचा टाइप 'नंबर' असणार. शेतकरी म्हणाला, "माझी दोन एकर वीस गुंठे जमीन आहे." आपल्याकडच्या पहाणीत (कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यात) क्षेत्र एकर, गुंठा आणि आणा असे लिहिलेले असते आणि बोलताना, टिपून ठेवताना लोक २.२० असे लिहितात. मॉडेलने तेच उचलून २.२० हा आकडा पाठवला, तर टाइपस्क्रिप्ट खूश, झॉड खूश, जेसन स्कीमाही खूश. पण दशांश म्हणून २.२० एकर म्हणजे दोन एकर आठ गुंठे, कारण एकराचे गुंठे ४० असतात. दोन एकर वीस गुंठे म्हणजे अडीच एकर. बारा गुंठ्यांचे खत कमी पडले आणि कुठेही लाल रेघ उमटली नाही.

आता सीमेपलीकडे चला. निपाणी, कागल, चंदगड या पट्ट्यात अनेक कुटुंबांची जमीन दोन्ही राज्यांत आहे. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, आणि हेक्टरचे १०० आर असल्यामुळे तिथे १.२० हा आकडा दशांश म्हणूनही बरोबरच ठरतो. एकच लिहिण्याची पद्धत एका उताऱ्यावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक. त्यात भर म्हणजे एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा आणि एक आर १०० चौरस मीटरचा. लहान तुकड्यांवर हिशेब जवळपास जुळतो, त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही. ती मोठ्या क्षेत्रावर उघडी पडते.

म्हणून 'क्षेत्र: नंबर' ही व्याख्या टाइप-सेफ असली तरी मी ती स्वीकारणार नाही. माझ्या मते क्षेत्र हा ऑब्जेक्ट हवा आणि त्यात 'एकक' हे ओळख पटवणारे फील्ड हवे. एकक 'एकर-गुंठा' असेल तर 'एकर' हा पूर्णांक आणि 'गुंठे' हा शून्यापासून ४० पेक्षा कमी असा आकडा. एकक 'हेक्टर-आर' असेल तर त्याची वेगळी दोन फील्डे. शेतकरी "अडीच एकर" म्हणाला तर मॉडेलला ते २ एकर २० गुंठे असे मांडावेच लागते, कारण दशांश ठेवायला जागाच नाही. नुसते "२.५" लिहून आले तर ते अडीच एकर की दोन एकर पाच गुंठे, हे शेतकऱ्याला विचारावे, अशी सूचना वर्णनात स्पष्ट लिहावी. एवढे केल्यावर कंपायलरही कामाला येतो: एक्झिक्यूटमध्ये दोन्ही एककांची शाखा लिहिली नाही तर तो अडवतो.

आतल्या हिशेबासाठी सगळे गुंठ्यांत आणून त्यावर झॉडचा 'ब्रँड' (टाइपवर मारलेला वेगळेपणाचा शिक्का) लावावा. ब्रँडचा परिणाम फक्त कंपाइल होताना असतो, पण गुंठ्यांच्या जागी चुकून आर दिले जाणार नाहीत, एवढी खात्री त्यातून मिळते.

शहापूरकर

चिकोडीकर सरांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. एक व्यावहारिक शंका: अशी दोन रूपांची स्कीमा सगळी मॉडेल स्वीकारतात का?

चिकोडीकर

आतल्या फील्डमध्ये असेल तर सहसा अडचण येत नाही. सगळ्यात वरच्या पातळीवर मात्र ऑब्जेक्टच हवा, तिथे थेट युनियन, म्हणजे 'हे रूप किंवा ते रूप' अशी स्कीमा, देऊ नये. ओपनएआयच्या काटेकोर पद्धतीत (ती मॉडेलला स्कीमाबाहेरचे इनपुट देऊ देत नाही) मुळाशी युनियन चालत नाही आणि अँथ्रॉपिककडेही टूलची इनपुट स्कीमा मुळाशी ऑब्जेक्ट असावी लागते. म्हणूनच मी 'क्षेत्र' हे आतले फील्ड सुचवले.

अध्यापक_बेळगाव

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. आमची मुले बहुधा पायथनकडून येतात आणि पायडँटिक ही तपासणीची लायब्ररी वापरलेली असल्यामुळे त्यांना वाटते की टाइप लिहिला म्हणजे तपासणी झाली. पायथनचे टाइप हिंट स्वतःहून काही अडवत नाहीत, तिथेही पायडँटिकच तपासते. टाइपस्क्रिप्टमध्ये हा गैरसमज अधिक घट्ट होतो, कारण कंपायलर इतर ठिकाणी खरोखरच अडवतो. मी त्यांना एक प्रयोग करायला लावतो: 'जेसन.पार्स' काय परत करते ते एडिटरमध्ये पाहा. उत्तर 'एनी', म्हणजे 'काहीही', येते. बाहेरून आलेल्या मालाबद्दल टाइपस्क्रिप्टला काहीच ठाऊक नाही, हे त्या एका उत्तराने मुलांना जेवढे पटते तेवढे तासभर बोलूनही पटत नाही.

शहापूरकर

आकड्यांच्या संदर्भात मीही काही मांडतो, कारण आपल्याकडचा वापरकर्ता देवनागरी किंवा कन्नड अंकांत लिहितो. जावास्क्रिप्टचे 'नंबर' फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. "१२" हा मजकूर दिला तर उत्तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही', येते. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांचा नेहमीचा संकेतही फक्त इंग्रजी अंक पकडतो. जेसनमध्ये अवतरणाशिवाय देवनागरी अंक आले तर तो मजकूर वैध जेसनच राहत नाही. मॉडेल बहुतेक वेळा अंक बदलून पाठवते, पण खाते क्रमांकासारखे मजकुराचे फील्ड असेल तर वापरकर्त्याने लिहिले तसेच देवनागरीत पाठवण्याची शक्यता राहते, आणि मग डेटाबेसमध्ये ते खाते सापडत नाही. अशा फील्डवर तपासणीपूर्वी अंकांचे रूपांतर करणारे छोटे फंक्शन लावावे. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांचे दहा अंक सलग असल्यामुळे ते फंक्शन अगदी सोपे आहे.

यावर घाईने केला जाणारा उपाय म्हणजे झॉडचे 'कोअर्स', आलेली किंमत जबरदस्तीने हव्या टाइपात बदलणे. तो टूलच्या इनपुटवर वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. रिकामा मजकूर आणि 'नल' (किंमतच नाही) या दोन्हींचे कोअर्स केल्यावर शून्य होते. शेतकऱ्याने किती पोती हवीत ते सांगितलेच नाही, आणि आपण शून्य पोत्यांची नोंद केली, असा तो प्रकार होतो. बूलियनचे (खरे-खोटे या टाइपाचे) तर आणखी विचित्र: 'फॉल्स' हा शब्द मजकूर म्हणून आला की त्याचे उत्तर 'ट्रू' येते, कारण रिकामा नसलेला प्रत्येक मजकूर जावास्क्रिप्टला खराच वाटतो.

पिनकोड, मोबाइल क्रमांक, खाते क्रमांक हे मजकूर म्हणूनच घ्यावेत. त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, आणि सुरुवातीची शून्ये आकड्यात टिकत नाहीत.

मलप्रभा

मी पडद्याकडची बाजू सांभाळते, तेव्हा तिकडचे सांगते. सर्व्हरवरच्या टूलचे टाइप पडद्यापर्यंत नेणे ही मला टाइप-सेफ व्याख्यांची सर्वांत मोठी देणगी वाटते. एआय एसडीकेच्या पाचव्या आवृत्तीपासून संदेशातल्या प्रत्येक टूलच्या भागाला त्या टूलच्या नावाचा स्वतंत्र टाइप मिळतो आणि त्याच्या अवस्थाही टाइपमध्येच असतात: इनपुट अजून येत आहे, इनपुट पूर्ण आले, निकाल आला, किंवा त्रुटी आली. इनपुट येत असताना त्यातले प्रत्येक फील्ड अनुपस्थित असू शकते, आणि टाइपही तसेच सांगतो. खताच्या मात्रेचे कार्ड अर्धवट इनपुटवर रंगवायला गेले की कंपायलर तिथेच थांबवतो. ही चूक हाताने चाचणी करताना सहज निसटते, कारण आपल्या कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर ती अर्धवट अवस्था दिसतच नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या मंद जोडणीवर ती दिसते.

पण दोन जागी हे टाइप फसवतात, आणि तिथे सावध राहावे.

पहिली जागा तारखांची. एक्झिक्यूटने 'डेट' परत केली तर तिकडचा टाइप पडद्याकडेही 'डेट' म्हणूनच येतो. प्रत्यक्षात मध्ये जेसनचा प्रवास झालेला असतो आणि हाती पडतो तो मजकूर. त्यावर तारखेचे फंक्शन चालवले की पडदा कोसळतो. म्हणून टूलच्या निकालात आम्ही तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरातच देतो आणि आउटपुटस्कीमा लिहून ते पक्के करतो. इनपुटलाही तोच नियम. ०६/०७/२०२५ ही लागवडीची तारीख आपण ६ जुलै वाचतो, क्रोम आणि नोडमधले तारखेचे फंक्शन ती ७ जून वाचते, आणि मजकुराचा टाइप दोन्ही वेळा समाधानी असतो.

दुसरी जागा जुन्या संभाषणांची. संभाषणे डेटाबेसमध्ये साठवली जातात. आज तुम्ही 'क्षेत्र' हे नंबरवरून ऑब्जेक्टवर नेले, तरी गेल्या हंगामातल्या संदेशांत ते नंबरच आहे. डेटाबेसमधून वाचताना त्यांना नवा टाइप चिकटवला की कंपायलर काहीही बोलणार नाही. साठवलेले संदेश वाचतानाही ते स्कीमावर तपासूनच घ्यावेत. एसडीकेमध्ये त्यासाठी 'व्हॅलिडेटयूआयमेसेजेस' हे फंक्शन दिलेले आहे.

हिडकल

टिळकवाडीकरांनी उधारीची बाकी सांगणाऱ्या टूलचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. त्या टूलच्या इनपुटमध्ये 'ग्राहकक्रमांक' आहे का? असेल तर तो काढून टाकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तो क्रमांक मॉडेल भरते आणि मॉडेलला तो संभाषणातून मिळतो. कोणी लिहिले की "मी अमुक क्रमांकाचा ग्राहक आहे, माझी बाकी सांगा," तर मॉडेल निष्ठेने तो क्रमांक पाठवील. आकार बरोबर, टाइप बरोबर, स्कीमा बरोबर, आणि शेजाऱ्याची उधारी चव्हाट्यावर. गावातल्या दुकानात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. ओळख ही लॉगिनच्या सत्रातून यावी आणि टूल तयार करतानाच आत बांधली जावी. त्या सत्राचे टूल देणारे एक फंक्शन लिहावे, ग्राहकाचा क्रमांक त्याच्या पोटात राहील आणि स्कीमामध्ये दिसणारच नाही. जे फील्ड स्कीमामध्ये नाही त्यात मॉडेलला ढवळाढवळ करता येत नाही. काय मागावे यापेक्षा काय मागू नये, हे ठरवण्यात टूलच्या व्याख्येचे अर्धे काम आहे.

उद्यमबाग

हिडकल यांच्याशी शंभर टक्के सहमत. ऑर्डर रद्द करणे किंवा उधारी माफ करणे अशा टूलना तर मी एक्झिक्यूटच देत नाही. मॉडेलने नुसते प्रस्ताव मांडायचे, माणसाने बटण दाबायचे, आणि मग सर्व्हरने ते काम करायचे.

खानापूरकर

एमसीपीबद्दल (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, टूल मॉडेलला जोडण्याची सामायिक पद्धत) कोणीच बोलले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने तो प्रोटोकॉल खुला केल्यापासून अनेकांची टूल दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येतात. तिथे टूलची यादी आणि स्कीमा प्रोग्रॅम चालू झाल्यावर मिळते, कंपायलर तेव्हा घरी गेलेला असतो. साहजिकच अशा टूलच्या इनपुटचा टाइप 'अननोन', म्हणजे अज्ञात, राहतो, आणि तो तसाच राहणे योग्य आहे. कोणी त्यावर 'अॅज' लावून आपल्या सोयीचा टाइप चिकटवत असेल, तर टाइप-सेफ्टीच्या नावाखाली तो माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्याचे सांगतो आहे.

आपल्याला जी मोजकी टूल लागतात त्यांच्या स्कीमा आपणच लिहून क्लायंटला द्याव्यात, एआय एसडीकेमध्ये तशी सोय आहे. आपला स्वतःचा सर्व्हर असेल तर जून २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला आउटपुटस्कीमाही देता येते. ती दिली की सर्व्हरने तिच्याशी जुळणाराच निकाल देणे बंधनकारक होते.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. ग्राहकक्रमांक इनपुटमधून काढून सत्रात बांधण्याचे काम आजच हाती घेतले आहे, आणि चिकोडीकर सरांची क्षेत्राची मांडणी तशीच स्वीकारत आहोत. आता तीन प्रश्न उरतात. गावांची नावे एनममध्ये (ठरावीक पर्यायांच्या यादीत) द्यावीत का? ऐच्छिक फील्ड कसे लिहावे? आणि मूळ प्रश्नाचा उत्तरार्ध, फ्रेमवर्कचा, तसाच राहिला आहे.

शहापूरकर

गावांसाठी एनम नको. स्कीमा प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जाते, तेव्हा शेकडो गावांची यादी दर वेळी टोकन (मॉडेल मजकूर मोजते ते तुकडे) खाईल, आणि बहुतेक टोकनायझरमध्ये देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. शिवाय आपल्या गावांची नावे मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरी आणि सरकारी कागदावर तिसरी असतात. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, पण लोक बेळगावच लिहितात. गाव शोधण्याचे वेगळे टूल करावे. ते मजकूर घेईल, सगळी पर्यायी नावे तपासेल आणि संकेतांक देईल, आणि बाकीची टूल फक्त तो संकेतांक घेतील. एनम पिकांसारख्या छोट्या, स्थिर यादीसाठी उत्तम: ऊस, सोयाबीन, तंबाखू, भात, बटाटा.

निपाणी_संगणक

ऐच्छिक फील्डचे उत्तर मॉडेलवर अवलंबून आहे. ओपनएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये काटेकोर पद्धत आणली. तीत मॉडेलचे इनपुट स्कीमाच्या आकाराबाहेर जात नाही, पण त्यासाठी प्रत्येक फील्ड अनिवार्य यादीत असावे लागते आणि जादा फील्डना मनाई करावी लागते. तिथे 'ऑप्शनल' (फील्ड नसले तरी चालेल) चालत नाही, त्याऐवजी 'नलेबल' (फील्ड हवेच, पण किंमत नल असू शकते) लिहावे लागते. मी सगळीकडेच नलेबल पसंत करतो. फील्ड विसरले गेले आणि शेतकऱ्याने खरोखरच सांगितले नाही, या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या राहतात. ही काटेकोर पद्धत आकाराचीच हमी देते हे मात्र ध्यानात असू द्या, चिकोडीकरांचे २.२० तिच्यातूनही आरामात निघून जाईल.

चंदगडी

फ्रेमवर्कच्या प्रश्नावर लिहितो. मी सध्या पुण्यात नोकरीला आहे आणि आमच्याकडे एकाच कंपनीत लँगचेन, मास्ट्रा आणि एआय एसडीके अशी तिन्ही फ्रेमवर्क नांदतात. तिन्हींची टूल वरवर सारखी दिसतात: नाव, वर्णन, स्कीमा आणि एक फंक्शन. बारकावे मात्र वेगळे आहेत. लँगचेनमध्ये फंक्शन आधी आणि 'स्कीमा' नंतरच्या ऑब्जेक्टमध्ये, मास्ट्राच्या 'क्रिएटटूल'मध्ये 'आयडी' द्यावा लागतो, आणि एआय एसडीकेने तर पाचव्या आवृत्तीत 'पॅरामीटर्स'चे नाव बदलून 'इनपुटस्कीमा' केले. ज्यांनी सगळा व्यवहार त्या व्याख्येच्या पोटात लिहिला होता, त्यांना बरीच उलथापालथ करावी लागली.

म्हणून टिळकवाडीकर, स्कीमा आणि काम करणारे फंक्शन एका साध्या मॉड्यूलमध्ये ठेवा, ज्यात कोणत्याही फ्रेमवर्कची आयात नसेल. खताचा हिशेब हा तुमचा व्यवसाय आहे, त्याला एआय एसडीके माहीत असण्याचे कारण नाही. फ्रेमवर्कची 'टूल' ही व्याख्या दोन-चार ओळींचे आवरण म्हणून बाहेर राहू द्या. याचा दुसरा फायदा असा की, तेच फंक्शन तुम्ही दुकानदाराच्या नेहमीच्या फॉर्मलाही वापरू शकता आणि मॉडेलशिवाय त्याची चाचणी घेऊ शकता. स्कीमाच्या लायब्ररीत अडकण्याची भीती आता पूर्वीइतकी नाही. झॉड, व्हॅलिबॉट आणि आर्कटाइप यांच्या कर्त्यांनी मिळून स्टँडर्ड स्कीमा हा सामायिक करार केला आहे आणि अनेक फ्रेमवर्क तो मानतात.

एक सूचना मात्र जरूर पाळा: प्रकल्पात झॉडची एकच मुख्य आवृत्ती ठेवा. एखाद्या पॅकेजने आपल्यासोबत तिसरी आवृत्ती आणली आणि तुमची चौथी असली, की 'टाइप फारच खोल आणि कदाचित अनंत आहे' अशा अर्थाची त्रुटी येते, एडिटर मंदावतो, आणि कंटाळून कोणीतरी 'एनी' लिहून मोकळा होतो. तिथून पुढे सगळी साखळी निकामी होते आणि वरून मात्र ती शाबूत दिसते.

अध्यापक_बेळगाव

चंदगडींच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: 'एनी'ला मनाई करणारा लिंटचा (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचा) नियम निदान टूलच्या फोल्डरसाठी तरी त्रुटीच्या पातळीवर ठेवावा. इशाऱ्याच्या पातळीवर ठेवलेले नियम कोणी वाचत नाही.

टिळकवाडीकर

चंदगडी दादा, साधे मॉड्यूल आणि बाहेरचे आवरण ही रचना आमच्या दोन्ही सहकाऱ्यांना पटली आहे. एक शेवटचे विचारतो. तपासणीत इनपुट नाकारले गेले तर ती त्रुटी मॉडेलला जशीच्या तशी परत द्यावी का? आणि मलप्रभाताई, जुन्या संभाषणांतले नंबरवाले क्षेत्र आम्ही नव्या रूपात आणावे की सोडून द्यावे?

चिकोडीकर

त्रुटी परत द्यावी, पण मॉडेलला पुढचे पाऊल कळेल अशा वाक्यात. झॉडमध्ये प्रत्येक अटीला स्वतःचा संदेश देता येतो. गुंठ्यांच्या अटीला आम्ही असा संदेश दिला आहे: "गुंठे ४० पेक्षा कमी हवेत, ४० किंवा अधिक असल्यास ते एकरात मिळवून पुन्हा पाठवा." क्षेत्रच संदिग्ध असेल तर संदेशात "शेतकऱ्याला विचारा" असे लिहितो, म्हणजे मॉडेल स्वतःच्या मनाने आकडा दुरुस्त करून पाठवत नाही. दुरुस्तीच्या फेऱ्यांना कमाल मर्यादा मात्र घालावी.

मलप्रभा

रूपांतर करू नका, कारण जुन्या २.२० चा अर्थ काय होता हे आता कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही. नवीन मांडणीच्या टूलला नवे नाव द्या, 'खतमात्रा_२' असे चालेल. जुन्या नावाची स्कीमा केवळ वाचण्यासाठी ठेवा, ती मॉडेलला देऊ नका. पडद्यावर जुन्या संदेशांचे कार्ड 'एकक नोंदवलेले नाही' या टिपेसह दाखवा, आणि शेतकऱ्याने तोच हिशेब पुन्हा मागितला तर क्षेत्र नव्याने विचारून घ्या.